ऑर्किड निर्दोष, कुंडी संशयित: एका लॅब्रॅडॉरचं प्रकरण

रुग्ण: बर्फी. लॅब्रॅडॉर मादी, वय चार वर्षं, वजन 27 किलो, नसबंदी झालेली, लसी वेळेवर दिलेल्या.
तक्रार: रात्रीपासून उलट्या, पहाटे रक्ताची हगवण.
घरच्यांनी सांगितलेलं कारण: ऑर्किड खाल्लं.

(ओळख पटू नये म्हणून नाव आणि घरचे तपशील बदलले आहेत.)

घरात शोभेला ठेवतात ते ऑर्किड कुत्र्याला विषारी नाही, हे आता मोबाइलवर मिनिटभरात कळतं. बर्फीच्या घरीही ते कळलं होतं, आणि कळलेलं खरंच होतं. तरीही कुत्री जवळजवळ बारा तास उशिरा दवाखान्यात पोचली. हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं ते या एका गोष्टीमुळे.

रविवारची रात्र

पुण्यातला फ्लॅट. नवरा-बायको नोकरी करणारे, झाडांची सगळी देखभाल सासूबाईंकडे. गॅलरीत गुलाब, मोगरा, तुळस, एक अ‍ॅडेनियम. हॉलमध्ये टीव्हीशेजारी मनी प्लांट आणि खिडकीपाशी बुटक्या स्टुलावर पांढऱ्या फुलांचं फॅलेनॉप्सिस. हे ऑर्किड सुनेला कुणीतरी वाढदिवसाला दिलेलं. मूळच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या कुंडीतून काढून सासूबाईंनी ते भोकं असलेल्या मातीच्या कुंडीत लावलं होतं, खाली कोळसा, वर नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि थोडं मॉस.

रविवारी संध्याकाळी सगळे लग्नाच्या स्वागत समारंभाला गेले. आठच्या सुमारास परतले तर कुंडी आडवी, फुलांचा दांडा मोडलेला, दोन पानं अर्धी चावलेली, सोडणाचे तुकडे सोफ्याखालपर्यंत पसरलेले. बर्फी शेपूट हलवत दारात हजर. सुनेने तिथेच उभ्याने मोबाइलवर शोधलं. उत्तर आलं: फॅलेनॉप्सिस कुत्र्यांना सुरक्षित, फार तर एखादी उलटी होईल. सासूबाईंनी खबरदारी म्हणून वाटीभर दुधात तूप घालून दिलं. (दूध-तुपाने विष उतरतं ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. त्याने विष उतरत नाही. बिघडलेल्या पोटावर स्निग्धाचा भार पडून कधीकधी स्वादुपिंडाला सूज येते, एवढाच त्याचा उपयोग.)

रात्री दोनला पहिली उलटी झाली. त्यात पानाचे तुकडे होते, म्हणजे वाचलं तसंच घडत होतं. मग तीनला, साडेतीनला, चारला. पाचच्या सुमारास पातळ शी, तिच्यात ताजं रक्त. साडेआठला ती माझ्या टेबलावर होती.

टेबलावर

लॅब्रॅडॉर टेबलावर चढवताना धडपडत नाही, म्हणजे ते बरंच आजारी आहे, असं आम्ही धरून चालतो. बर्फी निपचित पडून होती. ताप 103.4 फॅरनहाइट, नाडी मिनिटाला 150, हिरड्या कोरड्या आणि चिकट. पोटावर हात ठेवताच तिने मान वळवून माझ्या मनगटाकडे पाहिलं. ही कुत्री एरवी इंजेक्शन घेताना हात चाटणारी.

रक्ताची हगवण आणि ताप म्हटलं की आमच्या डोक्यात ठरलेली यादी फिरते. पार्व्हो हा विषाणूचा आजार: लसीकरण पूर्ण, चाचणी निगेटिव्ह. गोचीड ताप पुण्यात बारमाही, पण प्लेटलेट्स उत्तम होत्या. स्वादुपिंडाची चाचणी सीमारेषेवर, दूध-तूप पोटात गेल्यावर तिचा फार अर्थ लावता येत नाही. उंदराचं औषध घरात नाही. पीसीव्ही (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) 58, म्हणजे शरीरातलं पाणी भराभर कमी होऊन रक्त दाट झालेलं. लिव्हरचं एन्झाइम एएलटी त्या वेळी नॉर्मल.

मला खरी भीती सोडणाची होती. ऑर्किडच्या कुंडीतल्या सोडणाच्या किंवा सालीच्या तुकड्याने आतडं अडणं हे पानाच्या विषापेक्षा कितीतरी जास्त संभवतं. हे तुकडे पोटात फुगतात आणि साध्या एक्स-रेत दिसतही नाहीत. आतड्यात वायू कुठे अडून बसलाय यावरून अंदाज बांधायचा आणि सोनोग्राफीने खात्री करायची. म्हणून एक्स-रे काढला.

अडथळा दिसला नाही. दिसलं ते वेगळंच. जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला पांढऱ्या बारीक कणांचा सडा पडलेला, रव्याएवढे कण, काही थोडे मोठे. हाडाइतके पांढरे. सोडण, साल, मॉस, कोळसा, पान यांतलं काहीही एक्स-रेत इतकं पांढरं दिसत नाही.

मी विचारलं, “कुंडीत वरून काही घातलं होतं का?”

सून म्हणाली, “नाही डॉक्टर, ऑर्किडला माती पण नसते.”

सासूबाई फोनवर होत्या. त्यांना विचारलं तेव्हा लगेच सांगितलं, “खत घातलं की. शनिवारीच. सगळ्याच कुंड्यांना घातलं, मग त्यालाही घातलं.”

खताची पिशवी

पिशवीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला. किलोभराचं पाकीट, वर हिरवी पानं आणि ‘शंभर टक्के सेंद्रिय’. जवळच्या नर्सरीतून गुलाबासाठी घेतलेलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटक: हाडांचा चुरा, एरंडी पेंड, नीम पेंड. मुलांच्या हाती लागू देऊ नका एवढी सूचना होती. पाळीव प्राण्यांबद्दल अक्षर नाही.

पांढरे कण म्हणजे हाडांचा चुरा, हे उघड झालं. नुसता हाडांचा चुरा खाऊनही कुत्र्याचं पोट चांगलंच बिघडतं, आणि जास्त खाल्ला तर जठरात त्याचा सिमेंटसारखा गोळा होतो. पण या मिश्रणात त्याचं काम मुख्यतः आमिषाचं. हाडांच्या वासाने कुत्रं कुंडीशी येतं आणि सोबत एरंडी पेंड चाटून जातं. बर्फीला ऑर्किडमध्ये काडीचा रस नव्हता. पानं वाटेत आली म्हणून चावली गेली.

एरंडी पेंड म्हणजे एरंडाच्या बियांतून तेल काढल्यावर उरलेला चोथा. एरंडाच्या बीमध्ये रायसिन नावाचं प्रथिन असतं. ते पेशीत शिरून रायबोझोमची, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेची, मोडतोड करतं. एकदा ही यंत्रणा बंद पडली की पेशी मरते. सर्वांत आधी आतड्याचं अस्तर जातं, कारण तिथल्या पेशी सतत नव्या घडत असतात, पुढे लिव्हर. रायसिन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. त्यामुळे तेल गाळल्यावर ते सगळं पेंडीतच राहतं. पुरेशी उष्णता दिली तर ते निकामी होतं, पण खत म्हणून विकायच्या पेंडीला ती उष्णता मिळालीय की नाही हे पाकीट हातात घेऊन कुणालाच सांगता येणार नाही.

सासूबाईंचा आक्षेप इथेच आला, आणि तो रास्त होता. “अहो डॉक्टर, आम्ही लहानपणी महिन्याला एरंडेल प्यायलोय. नाक दाबून पाजायची आई. त्यात कसलं विष?” एरंडेलात नाहीच, काकू. ते सगळं चोथ्यात राहिलं म्हणूनच एरंडेल पिता आलं.

गंमत अशी की हे ज्ञान आपल्याकडे जुनं आहे. गावाकडे गोठ्यात सरकी पेंड घालतात, शेंगदाणा पेंड घालतात. एरंडी पेंड कुणी जनावरापुढे टाकत नाही, ती थेट रानात जाते. एरंडाच्या उत्पादनात भारत जगात पहिला, त्यातही मोठा वाटा गुजरातचा, त्यामुळे ही पेंड आपल्याकडे स्वस्त आणि मुबलक. पोत्यातून किलोच्या चकचकीत पाकिटात येताना तिचा नायट्रोजन सोबत आला, ‘जनावराला घालू नये’ हे मात्र मागेच राहिलं. मला विचाराल तर दोष पाकीट करणाऱ्याचा. घरातल्या कुणाचाही नाही.

निदान आणि त्याची मर्यादा

रायसिनचं विष चढलंय हे सिद्ध करणारी चाचणी आमच्यासारख्या दवाखान्यात होत नाही. निदान हकिकतीवरून आणि लक्षणांच्या क्रमावरून बांधायचं. खाल्ल्यापासून लक्षणांपर्यंत गेलेले सहा-सात तास, रक्ताची हगवण, ताप, दुखरं पोट, हे सगळं जुळत होतं. उशिरा लक्षणं येणं हीच या विषाची खरी लबाडी आहे. मनी प्लांट चावलं तर कुत्रं त्याच मिनिटाला तोंड घासायला लागतं. इथे सहा तास, कधी दिवसभर, काहीच होत नाही. घरचे सुटकेचा श्वास टाकून झोपतात, आणि पोटातलं काढून टाकण्याची वेळ निघून जाते. पहिल्या दोनेक तासांत आली असती तर उलटी करवून आणि अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल (पोटातलं विष शोषून घेणारा कोळसा) देऊन बराच भाग वाचवता आला असता.

आकड्यांत सांगायचं तर अमेरिकेत 1987 ते 1998 या काळातल्या एरंडाची बी खाल्लेल्या 98 कुत्र्यांचा आढावा प्रसिद्ध झालेला आहे; त्यातली सुमारे 9 टक्के दगावली किंवा त्यांना शांतपणे निरोप द्यावा लागला. पण ती प्रकरणं बियांची होती. अख्खी बी न चावता गिळली तर टरफलासकट बाहेरही पडते. पेंड दळलेलीच असते, तिला टरफलाचं कवच नाही, आणि हाडांच्या चुऱ्यामुळे कुत्रं ती आवडीने खातं. म्हणून तो 9 चा आकडा मी बर्फीच्या घरच्यांना दिलासा म्हणून सांगितला नाही.

चार दिवस

रायसिनला उतारा नाही. शरीराला तग धरायला मदत करायची आणि वाट पाहायची.

बारा तास उलटून गेले होते आणि उलट्या चालू होत्या. अशा कुत्र्याला चारकोल पाजला तर तो फुफ्फुसात जाण्याचा धोका, म्हणून दिला नाही. सलाइन जोरात सुरू केलं, उलटी थांबवायला मॅरोपिटंट, जठराच्या अस्तरासाठी औषध, वेदनाशामक. दुपारपर्यंत नाडी 120 वर आली. रात्री पोटॅशियम घसरलं, ते सलाइनमधून भरून काढलं.

दुसऱ्या दिवशी उलट्या थांबल्या, पण एएलटी 240 वर गेलं. घरच्यांना समजावणं सर्वांत कठीण जातं ते याच वेळी, कारण कुत्रं डोळे उघडून बघत असतं, शेपटीचं टोक हलत असतं, आणि आम्ही मात्र ‘आज नाही सोडत’ म्हणत असतो. पोटाची लक्षणं ओसरत असताना लिव्हर बिघडू शकतं. तिसऱ्या दिवशी एएलटी 410. बिलिरुबिन आणि साखर मात्र जागेवर, रक्त गोठण्याची वेळही ठीक. म्हणजे लिव्हर दुखावलं होतं, कोलमडलं नव्हतं. त्या संध्याकाळी तिने उकडलेल्या कोंबडीचा आणि भाताचा छोटा घास घेतला आणि भांडं चाटूनपुसून स्वच्छ केलं. लॅब्रॅडॉरच्या बाबतीत याहून चांगला रिपोर्ट नाही.

चौथ्या दिवशी एएलटी उतरणीला लागलं, घरी सोडलं. तीन आठवड्यांनी केलेल्या तपासणीत आकडा नॉर्मल आला.

मग ऑर्किडचं काय?

सुनेने शोधलेलं उत्तर बरोबर होतं, हे पुन्हा सांगतो. अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणिकल्याण संस्थेच्या यादीत फॅलेनॉप्सिस कुत्री, मांजरं आणि घोडे तिघांनाही बिनविषारी म्हणून नोंदलेलं आहे. कॅटलिया, ऑन्सिडियम यांच्यातले घरात ठेवले जाणारे प्रकारही त्याच बाजूला. आपल्याकडे लग्नाच्या सजावटीत आणि हॉटेलात ताटाच्या कडेला दिसणारं जांभळं फूल डेंड्रोबियमचं. व्हॅनिला हीसुद्धा एक आमरी, म्हणजे ऑर्किडच, आणि तिच्या शेंगेचं आइस्क्रीम आपण पिढ्यान् पिढ्या खातोय.

तरीही ‘ऑर्किड सुरक्षित’ हे विधान 25 हजारांहून जास्त जातींच्या कुळाबद्दल सरसकट करू नये. डेंड्रोबियम नोबिले, जे सिक्कीमचं राज्यफूल आहे, त्यात डेंड्रोबिन नावाचं अल्कलॉइड असतं आणि मोठ्या मात्रेत ते प्राण्यांना झटके आणू शकतं. परदेशातल्या काही लेडीज स्लिपर जातींनी माणसाच्या त्वचेला पुरळ येतं. पण नर्सरीतून घरी येणाऱ्या दहा कुंड्यांत नऊ फॅलेनॉप्सिस किंवा डेंड्रोबियमचे संकर असतात, आणि त्यांचं एखादं पान चावल्याने कुत्र्याला एखादी उलटी होण्यापलीकडे काही होत नाही. बिनविषारीचा अर्थ खाद्य असा नाही, एवढंच.

धोका असतो तो पानाच्या खाली आणि आजूबाजूला. सोडणाचे तुकडे आतड्यात अडकतात. दांड्याला आधार देणाऱ्या काडीत तार असते, तिच्यावरच्या प्लॅस्टिकच्या चिमट्यांना कडा असतात. पावसाळ्यात गोगलगायी येतात म्हणून काही जण मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकतात. त्या कुत्र्याने खाल्ल्या तर काही तासांत अंग थरथरून झटके सुरू होतात. आणि थायमेट हे कीटकनाशक. फोरेट हे त्याचं रासायनिक नाव. 2020 च्या अखेरीपासून देशात त्यावर बंदी आहे, पण माळ्यांच्या खोलीत जुना डबा सापडला तर आश्चर्य वाटायला नको. लाळ गळणं, टाचणीएवढ्या झालेल्या बाहुल्या, थरथर, ही त्याची खूण, आणि तिथे घरी बसून वाचत बसायला वेळच नसतो.

बर्फीच्या घरात बाकीच्या झाडांकडे कुणी संशयाने पाहिलं नव्हतं, हेही नोंदवण्यासारखं. मनी प्लांटमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, तोंड सुजतं, जीव सहसा जात नाही. अँथुरियम आणि पीस लिली त्याच जातकुळीचे, नर्सरीत ऑर्किडच्याच मांडणीवर ठेवलेले. गॅलरीतलं अ‍ॅडेनियम मात्र कण्हेरीच्या कुळातलं, त्याचं विष हृदयावर जातं. सोसायटीच्या गेटला दोन्ही बाजूंना लावलेलं सायकस तर या सगळ्यांचा बाप. त्याच्या बिया खाल्लेली कुत्री लिव्हर निकामी होऊन दगावतात. त्यातल्या त्यात बिनधोक कुंडी ऑर्किडचीच होती.

आणि बागकामाच्या अंगाने पाहिलं तरी त्या कुंडीत पेंड पडायचं कारण नव्हतं. फॅलेनॉप्सिस हे झाडाच्या खोडावर वाढणारं ऑर्किड. त्याच्या जाड मुळांना हवा लागते. पेंडीचा लगदा सोडणाच्या फटीत बसला की मुळं कुजतात. 19:19:19 चं विद्राव्य खत पाकिटावर लिहिलंय त्याच्याही निम्म्याने पातळ करून पंधरा दिवसांनी फवारलं तरी त्याला पुरतं, आणि चाटायला कुंडीत काही उरत नाही.

त्यानंतर

सासूबाईंनी सगळ्या कुंड्यांचा वरचा थर हातमोजे घालून, नाकाला रुमाल बांधून काढला. हे मीच सांगितलं होतं, कारण एरंडी पेंडीची धूळ काही माणसांना दमा आणि शिंका आणते. थर पिशवीत बंद करून टाकून दिला. गुलाबांना आता गांडूळखत.

सुनेने विचारलं, पुढच्या वेळी असं काही झालं तर नक्की काय करायचं. मी म्हटलं, झाडाचं नाव शोधण्याआधी कुंडीचा वरून फोटो काढा, खताच्या-औषधाच्या पाकिटाची मागची बाजू टिपा, किती वाजता खाल्लं ते लिहा आणि फोन करा. मिठाचं पाणी पाजून घरी उलटी करवू नका, त्याने रक्तातलं सोडियम चढून कुत्रं दगावू शकतं. उलटी झालीच तर ती पुसून टाकण्याआधी तिचाही फोटो. बर्फीच्या रात्रीच्या दोनच्या उलटीत पानांबरोबर तपकिरी लगदा होता, हे मला तिसऱ्या दिवशी सहज बोलताना कळलं.

पाकिटाची चौकशी करताना आणखी एक गोष्ट बाहेर आली. सोसायटीच्या बागेत, जिथे संध्याकाळी पंधरा-वीस कुत्री फिरतात, तिथल्या गुलाबांच्या वाफ्यातही हीच पेंड पडत होती. माळ्याकडे पन्नास किलोचं अर्धं पोतं शिल्लक होतं. सुनेने कमिटीच्या ग्रुपवर फोटोसकट सगळं लिहिलं. दोन दिवस ‘आमच्या कुत्र्याला तर काही झालं नाही’ असे मेसेज आले, मग एका कॉकर स्पॅनियलच्या मालकाला मागच्या हिवाळ्यातली न उलगडलेली रक्ताची हगवण आठवली. त्यानंतर वाफ्यांवरची माती बदलली गेली. उरलेलं पोतं माळ्याने गावी नेलं, त्याच्या भावाच्या उसाला. तिथल्या कुत्र्यांचं काय, असं मी विचारलं तर तो म्हणाला, “सायेब, रानात आम्ही ती सरीत टाकून लगेच मातीआड करतो. उघडी कोण ठेवतंय?”